मिठाची राखण

जे आहे ते आधीच सांगून टाकते. माझ्या एका विद्यार्थिनीवर चोरून माहिती बघितल्याचा संशय आला. तिनं काहीही बघितलं नव्हतं. मीच तिला सांगितलं होतं. आणि संशय आला तेव्हा मी गप्प बसले.

गप्प बसणं मला जन्मापासून जमतं. खुलताबादच्या आमच्या घरात जेवताना भाकरी हवी की नको, एवढंच बोलणं व्हायचं. पन्नाशी ओलांडली तरी वर्गाबाहेर माझ्या तोंडून सलग चार वाक्यं निघालेली विभागात कुणी ऐकली नसतील. या स्वभावाचं मला कौतुकच वाटायचं. आता वाटत नाही.

मी संभाजीनगरात पदार्थविज्ञान शिकवते आणि कृष्णद्रव्य शोधते. पुस्तकात कृष्णद्रव्य, आमच्या तोंडी डार्क मॅटर. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, इतक्या जोरात फिरतात, की त्यांच्यात दिसतं तेवढंच द्रव्य असतं तर कडेचे तारे गोफणीतून दगड सुटावा तसे केव्हाच भिरकावले गेले असते. ते सुटत नाहीत. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे, आणि ते दिसणाऱ्या द्रव्याहून कितीतरी जास्त आहे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते नेमकं काय आहे, एवढंच कुणाला माहीत नाही.

नाव ऐकून शाळेतली मुलं लगेच दौलताबाद किल्ल्यातल्या भुयाराचं, अंधारीचं उदाहरण देतात. ते चूक आहे. अंधारीत हात दिसत नाही, कारण तिथं उजेड पोचत नाही. या द्रव्याला उजेडाचं सोयरसुतकच नाही. उजेड त्याच्यातून आरपार निघून जातो. तुम्ही हे ज्या बोटांत धरून वाचताय, त्यांच्यामधून आत्ता ते चाललेलं असणार, आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. लागला तर क्वचित. त्या क्वचितवर आमचं दुकान चालतं.

तरुणपणी काही वर्षं मी युरोपात कोलायडरवर काम केलं. तिथं प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात आणि काय काय उधळलं ते बघतात. कॅरम फोडावा तसं. सोंगट्या सगळीकडे पांगायला हव्यात. एका बाजूला पांगल्या आणि दुसरी बाजू कोरी राहिली, तर त्या कोऱ्या बाजूनं न दिसणारं काहीतरी निघून गेलं, असं समजायचं. अशा कोऱ्या बाजू आम्ही पुष्कळ बघितल्या. प्रत्येकीमागं जुनंच ओळखीचं कारण निघालं. मग मी दुसऱ्या पद्धतीकडे वळले. इथं ती वस्तू तयार करायची नसते, ती येऊन धडकायची वाट बघायची असते. परदेशातल्या एका जुन्या खाणीच्या तळाशी द्रवरूप केलेल्या झेनॉन वायूनं भरलेली मोठी टाकी आहे. आकाशातून येणारे बाकीचे कण अडावेत म्हणून वर अख्ख्या डोंगराचा दगड. टाकीत कशाचा धक्का बसला, की उजेडाचा बारीकसा ठिपका उमटतो. त्या ठिपक्यांचा अभ्यास देशोदेशीची माणसं करतात. त्यातली एक छोटी तुकडी आमच्या विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर बसते, जिथं वीज गेली की इन्व्हर्टर कंप्युटरला पुरतो, पंख्याला नाही.

आता मिठाबद्दल. तळहातावर नारळ घेऊन शेतातून चालणारा पाणाड्या तुम्ही पाहिला असेल. जिथं पाणी लागावं असं त्याच्या मनात असतं, तिथं नारळ उभा राहतो. तो फसवत नसतो. त्याच्या हाताला त्याची इच्छा कळलेली असते. आम्हीही माणसंच. आम्हालाही पाणी लागायला हवंच असतं. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. खऱ्या ठिपक्यांमध्ये काही हुबेहूब खोटे ठिपके मिसळून द्यायचे. किती आणि कोणते, ते एकाच माणसाला ठाऊक. बाकीच्यांनी खरा-खोटा न ओळखताच नियम ठरवायचे, की असा ठिपका धरायचा, तसा टाकायचा. नियम पक्के होऊन कुणालाच बदलता येईनासे झाले, की मग तो माणूस आपले खोटे ठिपके वेचून बाजूला काढतो. उरतील ते खरे. याला आम्ही मीठ टाकणं म्हणतो. मिठावरच्या म्हणी तुम्हाला आठवतील. त्या इथं लागू नाहीत.

त्या खेपेला मीठ माझ्याकडे होतं. निवड एकमतानं झाली, कारण माझा चेहरा वाचता येत नाही अशी ख्याती. मीठ राखणाऱ्याला एकच ठरलेलं उत्तर द्यायची मुभा असते. कुणी हसत येवो, रडत येवो, काहीही विचारो, म्हणायचं, "बरं. पुढं चला." बस.

ती विद्यार्थिनी पाचोडची. घरची मोसंबीची बाग, शेतीत राबणारं मोठं कुटुंब, आणि त्यातून डॉक्टरेटला आलेली ही पहिली. हुशार तर होतीच, पण मला आवडायची ती तिच्या बोलण्यामुळे. मी जेवढी मुकी, तेवढी ती बोलकी. एका दुपारी लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या खोलीत आली.

"मॅडम, एक आलंय."

"बरं. पुढं चला."

"बघा तरी. लई सुंदर हाय. टाकीच्या बरोबर मधोमध. आजूबाजूला कोण नाय."

"बरं. पुढं चला."

"तुमच्यापरीस ती टाकी बरी. कवातरी चमकती."

मी मान खाली घालून पेपर तपासत राहिले. तो ठिपका मी केलेला होता. करतानाच वाटलं होतं, की हा जरा जास्तच देखणा झाला.

आमच्या नियमानं ही गोष्ट बाहेर जायला नको होती. पण घरी बापाशी फोनवर बोलताना तिच्या तोंडून "एक दिसलंय" एवढं निघालं, आणि पुढचं काम बापानं केलं. आठवड्याभरात तो पाठीवर मोसंबीचं पोतं घेऊन विभागाचा जिना चढून आला. तिच्यासारखाच बोलका माणूस.

"मॅडम, पोरीला घावलं म्हनं."

"आबा, मी फक्त दिसलं म्हनलं होतं," ती म्हणाली.

"दिसलं म्हंजी घावलंच की. मॅडम, फ्लेक्स टाकलाय छापायला. वर तुमचा फोटू, मधी हिचा, खाली गावकऱ्यांचे. सरपंच म्हनला माझा फोटू पोरीपरीस मोठा घ्या. म्या म्हनलं, मग तूच उतर त्या खाणीत."

"अजून खात्री व्हायची आहे," मी म्हणाले. एवढं कुणीही म्हणू शकतं. त्यात काही फुटत नाही.

"मोठी मानसं असंच म्हनत्यात," तो म्हणाला, आणि त्याला बसस्टँडला जायचं होतं म्हणून गेला. ती त्याला खालपर्यंत पोचवून आली आणि मोसंबी सोलत बसली. चेहरा फुललेला. मी उठले, दार लावलं आणि म्हणाले, "तो एक सोडून दे. आणि फ्लेक्स थांबव."

तिचा हात थांबला. तिला एका क्षणात सगळं कळलं. आमच्या धंद्यात तेवढं पुरतं. सोललेली मोसंबी तिनं कागदावर ठेवली आणि म्हणाली, "बरं मॅडम. पुढं चलते."

ही गोष्ट मी नंतर स्वतःशी अशी सांगत राहिले, की पोरीची गावात फजिती होऊ नये म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं. त्यात खरं होतं, पण अर्धं. फ्लेक्सवर सगळ्यात वर माझा फोटो होता. मीच तयार केलेल्या खोट्या ठिपक्याखातर हायवेच्या कडेला माझा हसरा फोटो लागणार, आणि मीठ काढल्यावर ते जगभरच्या सहकाऱ्यांना कळणार, हे मला सहन झालं नाही. दार लावायला उठले तेव्हा डोक्यात तेच होतं.

पुढची चूक तिची नाही, पण घडली तिच्या हातून, आणि ती आमच्या कामातच घडू शकते. तो ठिपका सगळ्यांनी पाहिला. देशोदेशीची माणसं त्याच्यावर तुटून पडली. त्याचा आकार, त्याची वेळ, त्या घटकेला टाकीतलं तापमान, सगळं रोज चर्चेला. एकटी ती शांत. ज्या ठिपक्यासाठी लॅपटॉप घेऊन धावत आली होती, त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. बाकीच्या किरकोळ ठिपक्यांच्या मागं लागली होती. नाटक तिला जमत नाही. माहीत झालेलं विसरायचं कसं, हे तर कुणालाच जमत नाही. म्हणून तर आम्ही ते माहीतच होऊ देत नाही.

प्रयोगाचे प्रमुख परदेशातले, वयस्कर, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या ते लक्षात आलं. संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती माझ्याच खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली.

"हा ठिपका तू शोधलास. आणि तूच त्याच्याकडे बघत नाहीस. का?"

"मला दुसरे जास्त संशयास्पद वाटले, सर."

"तुझ्या प्राध्यापिकेच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असते?"

"असते. इन्व्हर्टर तिथंच आहे, रात्री बंद करावा लागतो."

"त्यांचा कंप्युटर कधी उघडलास?"

"नाही."

"मग कोणता ठिपका खोटा, हे तुला कुठून कळलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मान तसूभरही वळवली नाही. "मला काही कळलेलं नाही," ती म्हणाली.

मग त्यांनी मला विचारलं, की तुमचं काही म्हणणं आहे का. मी म्हणाले, मीठ राखणाऱ्याला यावर बोलता येत नाही. नियमाला धरूनच होतं ते. इतकं निर्दोष वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही, आणि इतकं नीचही नाही.

चौकशी होईपर्यंत तिचं काम थांबवलं गेलं. दुसऱ्या दिवशी ती टेबल आवरून पाचोडला गेली. विभागात पाचोडकडची आणखी मुलं आहेत. ती पोचायच्या आधी बातमी पोचली असणार. मी तास घेतले, प्रात्यक्षिकं घेतली, घरी जाऊन स्वयंपाक केला. प्रमुखांची विचारणा आली, तिला उत्तर दिलं नाही.

शेवटी आडूळमार्गे पाचोडला गेले. विभागात सांगून गेले, की पोरीला धीर देऊन येते. खरं म्हणजे मी बघायला गेले होते, की ती किती दिवस गप्प राहील.

बाजाराचा दिवस होता. बाप घरीच होता, गोठ्यापाशी. कडब्याच्या गंजीवर फ्लेक्स टाकलेला. त्यावर तिचं हसरं तोंड, आणि वर माझं.

"थांबव म्हनली तवर छापून झाला हुता," तो म्हणाला. "कापड चांगलं हाय, वाया कशाला घालायचं. पाऊस आला तर आधी तुमी भिजनार मॅडम, तुमी वरच्या अंगाला हाय."

हसला, पण ते हसू टिकलं नाही. ती आतून पाणी घेऊन आली. तांब्या माझ्या हातात दिला आणि बागेच्या बांधाकडे तोंड करून उभी राहिली.

"मी आज बाजारला गेलो नाय," बाप म्हणाला. "मागल्या खेपंला गेलतो. चहाच्या टपरीवर एकजन म्हनला, काय आबा, पोरीनं परीक्षेचा पेपर फोडला म्हनं. आता मॅडम, तुमी शिकलेल्या. मला तुमच्या ठिपक्यातलं काय कळत नाय. एकच सांगा. माझ्या पोरीनं तुमच्या कंप्युटरातलं चोरून बघितलं का?"

"आबा, जाऊ द्या ना," ती म्हणाली.

"तू गप. मी मॅडमला इचारतोय."

इथं नियम आड घेता येईना. कडब्याच्या गंजीपाशी उभ्या माणसाला, मीठ राखणाऱ्याला बोलता येत नाही, असं काय सांगणार?

"नाही," मी म्हणाले. "तिनं काही बघितलं नाही. मी सांगितलं तिला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"व्हय गं?"

तिनं होकाराची मान हलवली.

"मग हे तिकडं सांगितलं का? त्या सायबाला?"

"नाही."

"कवा सांगनार?"

मी तिथंच बाजेवर बसून फोन काढला. रेंज नव्हती, बागेच्या वरच्या टोकाला येते, असं ती म्हणाली आणि पुढं चालू लागली. वाटेत म्हणाली, "मॅडम, नका सांगू. तुमचं इतक्या वर्षांचं नाव जाईल. माझं काय, मी दुसरीकडं कुठंबी लागंन."

"तू कुठंही लागणार नाहीस. हा डाग घेऊन तुला कुणी दारात उभं करणार नाही. तुला ते माहीत आहे."

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी फक्त तुमी काय म्हनता ते बघत होते."

मोसंबीच्या झाडाखाली उभी राहून मी प्रमुखांना लिहायला घेतलं. इंग्रजीत, चार ओळी. हा ठिपका खोटा असल्याचं माझ्याकडून विद्यार्थिनीला चुकून सांगितलं गेलं, तिनं काहीही उघडलेलं नाही, जबाबदारी सर्वस्वी माझी. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"मॅडम, चुकून कुठं? तुमी उठून दार लावलं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"चुकून म्हनलं तर ते म्हनतील, बाईची जीभ घसरली आन् पोरीनं फायदा घेतला. मला तसलं नको. काय झालं ते लिवा."

मी "चुकून" काढलं, "जाणूनबुजून" लिहिलं, आणि पाठवलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. प्रमुखांनी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, माझ्या तोंडूनही सगळं वदवून घेतलं. मीठ माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं आणि ते योग्यच होतं. जुनं मीठ फेकून नवीन टाकावं लागलं, नियम पुन्हा पहिल्यापासून ठरले, पुष्कळ माणसांची मेहनत फुकट गेली. तिला त्या खेपेच्या कामातून बाहेर राहावं लागलं, कारण एक खोटा माहीत असताना तिनं बाकीचे ठिपके चाळलेले होते. प्रबंधाचा विषय बदलला, वर्ष वाया गेलं. ते वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही आणि तसं ढोंगही करत नाही. शेवटी मीठ काढल्यावर टाकीत नवीन असं काही उरलं नाही. कृष्णद्रव्य सापडलं नाही. ते अमुक इतकं जड असतं आणि अमुक इतक्या वेळा धडकत असतं तर आम्हाला दिसलं असतं, एवढं मात्र आता ठामपणे सांगता येतं. हे लहान काम नव्हे. बाहेरून शोधाचा अर्थ सापडणं असा लावतात. आमच्यात जागा एकेक करून बाद करणं हाही शोधच, आणि मी त्यात आजही आहे, साध्या हमालीच्या कामावर. कसलीही गुप्त माहिती माझ्यापाशी ठेवत नाहीत. झोप चांगली लागते.

पण माझ्या लेखी खरा निकाल त्या दिवशीच लागला, तोही बाजारात. पत्र पाठवून आम्ही खाली आलो, तर बाप टोपी घालून तयार.

"झालं? चला मग."

"कुठं?"

"तिकडं इंग्रजीत सांगितलं. हितं मराठीत कोन सांगनार?"

तिनं मला वाचवायचा प्रयत्न केला नाही. तिघं बाजारात गेलो. चहाची टपरी भरलेली, बाकड्यावर चार माणसं. पेपर फोडल्याचं बोलणारा कोण, ते बापानं डोळ्यानंच दाखवलं. खत-बियाण्याच्या दुकानातला, मिशीवाला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. कृष्णद्रव्यापासून सांगितलं. टाकी सांगितली, पाणाड्या सांगितला, मीठ सांगितलं. मिरची निवडणारी एक बाई निवडायचं थांबून ऐकू लागली. मिशीवाला मध्येच म्हणाला, "म्हंजी उगं मुद्दाम खोटं मिसळायचं, आन् वळखा म्हनायचं?"

"वळखू नका म्हणायचं. ओळखलं की सगळा खेळ बिघडतो. कोणतं खोटं ते मी हिला सांगून टाकलं."

"तुमी?"

"मी. आणि हिच्यावर आळ आला तेव्हा गप्प बसले."

मग मिशीवाला बापाला म्हणाला, "आबा, मी मागल्या खेपंला बोललो ते मागं घेतो."

"मला कशाला सांगतो? ती हाय ना उभी."

तो तिच्याकडे वळला. बाकड्यावर सरकून जागा केली. "बस बाय. चुकलं माझं. चहा घेती का?"

ती बसली, मोकळेपणानं, आपल्याच गावच्या बाकड्यावर बसावं तशी.

"मला मागनं," ती म्हणाली. "आधी मॅडमला द्या. लई बोलल्यात आज."